फुलांची निर्यात फेब्रुवारीपुरतीच का उरली आहे?

पवनाकाठ
नमस्कार मंडळी. पवन मावळात आमचे वीस गुंठ्यांचे पॉलिहाऊस आहे आणि २००९ पासून आम्ही त्यात डच गुलाब घेत आहोत. मावळचा गुलाब परदेशी निघाला, ही बातमी दरवर्षी फेब्रुवारीत छापून येते आणि ती खरीही असते. मात्र फेब्रुवारी उलटला की पुढचे साडेअकरा महिने परदेशातून आमच्या मालाची कोणी चौकशीही करत नाही, याची बातमी कधी होत नाही.

ज्यांना ही शेती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. व्हॅलेंटाइनच्या मालाची तयारी डिसेंबरच्या मध्यावर सुरू होते. त्या सुमारास छाटणी आणि बेंडिंग, म्हणजे फांद्या वाकवणे, झाले, तर पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी कळी काढणीला येते. परदेशी जाणारा माल साधारण २५ जानेवारी ते ८ फेब्रुवारी या पंधरवड्यातच निघावा लागतो. कडाक्याची थंडी चार दिवस जास्त रेंगाळली तर कळी मागे राहते, आणि ढगाळ हवेनंतर एकदम ऊन तापले तर ती पुढे पळते. या वर्षी आमची कळी चार दिवस मागे राहिली. ज्या निर्यातदाराशी बोलणे झाले होते, त्याने ठरलेल्या तारखेनंतरचा माल घेतला नाही, आणि चार हजारांहून अधिक दांडे आम्हाला शीतगृहातून काढून दिल्लीच्या गाडीत भरावे लागले. दिल्लीत भाव बरा मिळाल्यामुळे पैशांची फार झळ बसली नाही. पण ज्या व्यवसायाला आपण निर्यातीचा म्हणतो, त्याचे सगळे गणित वर्षातल्या पंधरा दिवसांवर आणि हवेच्या लहरीवर अवलंबून असेल, तर तो व्यवसाय म्हणावा की दरवर्षी नव्याने लावलेली पैज, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

तीस वर्षांत केनिया आणि इथिओपिया कुठच्या कुठे गेले. आपण नेमके कुठे अडलो? विमानभाड्यात, जातींमध्ये, शीतसाखळीत, सरकारी धोरणात, की आम्हा शेतकऱ्यांमध्येच काही कमी आहे? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

हिरवळ_९४
फार महत्त्वाचा धागा काढलात. मी १९९४ साली कृषी महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा फुलशेतीच्या कंपन्यांचे पेव फुटले होते. १९९१ नंतर आर्थिक धोरण बदलले, निर्यातीला प्रोत्साहन मिळाले, आणि अनेक कंपन्यांनी बाजारातून भांडवल उभे करून पुणे, बंगळुरू आणि हैदराबादच्या आसपास मोठमोठी हरितगृहे उभारली. माझी पहिली नोकरी अशाच एका ठिकाणी होती. सांगाडा हॉलंडचा, पडदे हॉलंडचे, खत सोडण्याची यंत्रणा हॉलंडची आणि सल्लागारही तिथलाच. हॉलंडमध्ये हिवाळ्यात हरितगृह उबदार ठेवणे ही अडचण असते, तर आपल्याकडे एप्रिलमध्ये ते थंड ठेवणे ही अडचण असते. हा साधा फरक त्या आराखड्यात कुठेच धरलेला नव्हता. पहिल्याच उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी आत उभे राहवत नसे. कळ्या करंगळीएवढ्या निघाल्या आणि लाल कोळी या किडीने पाने जाळली. कर्जाचा हप्ता मात्र हॉलंडच्या उत्पादनाचे आकडे धरून बांधलेला होता. दशक संपेपर्यंत त्यांतल्या अनेक कंपन्या बंद पडल्या.

त्या पडझडीतूनच पुढे शहाणपण आले. तळेगावला औद्योगिक विकास महामंडळाने फुलशेतीसाठी स्वतंत्र उद्यान विकसित केले, डच सहकार्याने प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, आणि वरून हवा बाहेर पडणारे, आपल्या हवामानाला मानवणारे साधे पॉलिहाऊस रूढ झाले. तुमच्यासारखे दहा-वीस गुंठ्यांचे शेतकरी उभे राहिले ते या दुसऱ्या टप्प्यात. त्यामुळे कमतरता शेतकऱ्यात आहे असे कृपया मनातही आणू नका.

दादरचा_बाजार
माझे वडील आणि मी दादरला फुलांचा व्यापार करतो. प्रामाणिकपणे विचारतो, निर्यात हवीच कशाला? या हंगामात लग्नसराईमुळे लाल गुलाबाला आमच्याकडे निर्यातीपेक्षा चांगला भाव होता, पैसे आठवड्यात हातात, आणि माल नाकारला जाण्याची भीती नाही.

पवनाकाठ
@दादरचा_बाजार, तुमचे म्हणणे मला मान्य आहे, आणि यंदा माझा माल वाचला तोही देशी बाजारामुळेच. अडचण अशी आहे की देशी बाजाराला मुहूर्त लागतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा आमचा गुलाब दीड-दोन रुपयांनी गेला, आणि त्यात बंच बांधण्याची मजुरीही सुटली नाही. पितृपक्षात तर दरवर्षीच हात आखडतो. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी टाळेबंदी सुरू झाली. पाडव्यासाठी काढलेला सगळा माल आम्ही बांधावर ओतला. बाजार एकच असेल तर त्याच्यासोबत शेतकरीही पडतो. म्हणून मला दुसरा बाजार हवा आहे.

नैवाशातून
मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. गेली नऊ वर्षे केनियातल्या नैवाशा सरोवराकाठी एका गुलाबाच्या फार्मवर उत्पादन पाहतो. इथल्या फार्मांवर भारतीय व्यवस्थापक बरेच आहेत आणि त्यांत मराठी माणसेही आहेत.

आधी निसर्गाचे सांगतो, कारण त्यावर कोणाचाच इलाज नाही. नैवाशा विषुववृत्ताला जवळजवळ लागून आहे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. वर्षभर दिवस बारा तासांचा, ऊन लख्ख आणि रात्र गार. गार रात्रीमुळे कळी सावकाश वाढते, दांडा लांब आणि जाड होतो. मावळची उंची सुमारे ६५० मीटर आहे. तिथे डिसेंबर-जानेवारीत जी हवा महिना-दीड महिना मिळते, तशी इथे जवळजवळ बारा महिने असते. कोलंबियाचे बोगोटा पठार तर २,६०० मीटरवर आहे, आणि तिथली कळी आमच्याहूनही मोठी निघते. युरोपातल्या सुपरमार्केटला ५२ आठवडे माल हवा असतो. मावळात जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ उघडत नाही, प्रकाश कमी पडतो आणि केवडा रोग येतो. त्या चार महिन्यांत निर्यातीच्या दर्जाचा माल सलग देणे जवळजवळ अशक्य आहे.

पण केनियात सगळे आलबेल आहे असे समजू नका. २००८ च्या जानेवारीत, निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात, नैवाशातच रक्त सांडले आणि ऐन व्हॅलेंटाइनच्या तोंडावर मजूर जिवाच्या भीतीने गाव सोडून गेले. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीची राख युरोपच्या आकाशात पसरली, विमाने थांबली, आणि इथल्या शीतगृहांतला माल टनांनी फेकावा लागला. विमानभाडे वाचवण्यासाठी मोंबासाहून रॉटरडॅमला जहाजाने फुले पाठवण्याचा प्रयत्न जोर धरत होता, तोच २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातली वाट धोक्याची झाली आणि जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. २०२५ च्या एप्रिलपासून कळी पोखरणाऱ्या एका पतंगाच्या अळीवरून युरोपीय संघाने आफ्रिकेतल्या गुलाबांसाठी नियम आणखी कडक केले आहेत. माझ्या खालची चौदा माणसे सध्या दिवसभर फक्त सापळे मोजतात आणि कळ्या चिरून पाहतात. एक अळी सापडली तर अख्खी खेप जाते.

आम्सटेलवेनकर
@नैवाशातून, तुमची फुले जिथे उतरतात तिथून मी वीस मिनिटांवर राहते. नेदरलँड्समधले आल्समीरचे फुलांचे लिलावगृह आमच्या शेजारीच आहे, आणि मी एका घाऊक खरेदीदाराकडे नोंदींचे काम करते. इथल्या लिलावाची रीत उलटी असते. घड्याळावरचा भाव वरून खाली उतरत येतो आणि जो आधी कळ दाबेल त्याला तो माल मिळतो. आता खरेदीदार घरबसल्या संगणकावरून कळ दाबतात, आणि बराचसा माल लिलावाला न येता थेट करारानेही विकला जातो.

पवनाकाठ यांच्या प्रश्नाला धरून एक गोष्ट आवर्जून सांगते. खरेदीदाराच्या पडद्यावर फुलाच्या छायाचित्रासोबत उत्पादकाची नोंद असते. मागच्या आठवड्यांत त्याचा माल कसा उतरला, किती तक्रारी आल्या आणि फुलदाणीत किती दिवस टिकला, हे पाहून तो किती वर कळ दाबायची ते ठरवतो. वर्षातून दोन आठवडे दिसणाऱ्या उत्पादकाची अशी नोंद तयारच होत नाही. तोच गुलाब, तीच लांबी, तरी भाव कमी, हे मी दर फेब्रुवारीत पाहते. भारतीय खोक्यांवरचा पत्ता वाचताना त्यामुळेच मला वाईट वाटते, कारण आतल्या फुलांत खरोखर काही उणे नसते.

दुसरी गोष्ट शुल्काची. इथिओपियाची फुले अल्पविकसित देशाच्या सवलतीमुळे युरोपात शुल्काविना येतात. केनियाच्या फुलांनाही शुल्क पडत नाही, आणि २०२४ च्या जुलैपासून त्यांचा युरोपीय संघाशी करारही लागू झाला आहे. भारताच्या फुलांना मात्र आजवर शुल्क भरावे लागले आहे.

तिसरी गोष्ट आपल्या मराठी माणसांना भावेल अशी आहे. हे अवाढव्य लिलावगृह खाजगी कंपनीचे नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांच्या मनमानीला कंटाळून सुरू केलेल्या लिलावांतून ते वाढले आणि आजही ते सहकारी आहे.

द्राक्षवेल
सहकाराचा विषय निघाला म्हणून नाशिकचा अनुभव लिहितो. आम्ही द्राक्षे निर्यात करतो. १९९१ मध्ये महाग्रेप्स उभी राहिली तेव्हा अनेक द्राक्ष उत्पादक संस्था एका नावाखाली आल्या. पूर्वशीतकरण, शीतगृह आणि खोक्यावरचे नाव एक झाले, आणि इंग्लंडच्या खरेदीदाराशी बोलणारा माणूसही एकच राहिला. सुरुवातीला आमचाही माल खराब उतरला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपने आमचे कंटेनर अडवले आणि गावोगावी घरे हादरली. तरी द्राक्ष टिकले, कारण प्रत्येक बागेची नोंद होती, प्रयोगशाळा होत्या आणि चूक कुठे झाली हे शोधता आले. मावळच्या गुलाबाची अशी एक नाममुद्रा का नाही? प्रत्येकाचा निर्यातदार वेगळा आणि प्रत्येकाचे खोके वेगळे असेल, तर आम्सटेलवेनकर म्हणतात ती नोंद तयार होणार तरी कशी?

नैवाशातून
@द्राक्षवेल, तुमच्या मुद्द्याला एक दुरुस्ती सुचवतो. द्राक्षाला जानेवारी ते एप्रिल अशी खिडकी मिळते. त्या दिवसांत युरोपात द्राक्ष नसते आणि चिलीशिवाय किंवा दक्षिण आफ्रिकेशिवाय फारसे स्पर्धक नसतात. शिवाय द्राक्ष जहाजाने जाऊ शकते. गुलाबाला अशी खिडकीच नाही, कारण आम्ही बारा महिने विकतो. संघटना केली तरी फुले सप्टेंबरात कुठून आणणार?

द्राक्षवेल
सप्टेंबरात आणू नयेत. ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पाच महिने द्यावीत, आणि हे खरेदीदाराला आधीच सांगावे. आम्हीही मे महिन्यात द्राक्ष देतो असे कोणाला कधी सांगितले नाही. पंधरा दिवस आणि पाच महिने यांत फार मोठे अंतर आहे.

मालवाहतूकदार
मी बावीस वर्षे नाशवंत मालाच्या विमान वाहतुकीत आहे. शेतकऱ्याला दिसत नाही असा भाग सांगतो. आपली बरीचशी फुले प्रवासी विमानाच्या पोटातून जातात. त्यात आधी प्रवाशांचे सामान आणि टपाल भरले जाते, आणि उरलेल्या जागेत आंबे, भाजी, मासळी, औषधे आणि फुले यांनी आपापली सोय लावायची असते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एकाच रात्री जागा हवी असते, त्यामुळे भाडे वाढते आणि आयत्या वेळी खोकी मागेही राहतात. इथिओपियाने सरकारी विमान कंपनीची मालवाहू विमाने फुलांच्या दिमतीला लावली. आपल्याकडे तसे घडले नाही. भाडे वजनावर की आकारमानावर, जे जास्त भरेल त्यावर, आकारले जाते. दर ६,००० घन सेंटिमीटरला एक किलो असा हिशेब असतो. दांडे सैल भरले तर तुम्ही हवेचे भाडे भरता, आणि घट्ट भरले तर पाकळ्यांना डाग पडतात.

२०२२ च्या सप्टेंबरअखेर निर्यातीच्या विमानभाड्यावरची वस्तू व सेवा कराची सूट संपली आणि १८ टक्के कर लागू झाला. तो परत मिळतो हे खरे, पण मिळेपर्यंत छोट्या निर्यातदाराचे भांडवल अडकून पडते. फेब्रुवारीत ज्याचे भांडवल अडकले, तो मार्चमध्ये तुमच्याकडे येणारच नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तापमान. दोन वर्षांपूर्वी मी एका खोक्यात तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवले होते. मावळातून निघताना ३ अंश, द्रुतगती मार्गावर वातानुकूलित गाडीत ४ ते ५ अंश. विमानतळाच्या आवारात तपासणीसाठी खोके उघडले आणि नंतर विमानाजवळ ते उघड्यावर उभे राहिले, त्या पावणेचार तासांत २१ अंश. पुढे विमानात आणि परदेशातल्या शीतगृहात ते पुन्हा ४ अंशांवर आले. खरेदीदाराची तक्रार होती की पाचव्या दिवशी फुलांची मान वाकली. शेतकऱ्याला कळवले गेले ते फक्त ‘दर्जा खराब’ असे.

पवनाकाठ
हे वाचून मी दहा मिनिटे नुसता बसून राहिलो. ‘दर्जा खराब’ असा शेरा आमच्याही वाट्याला दोनदा आला आहे, आणि दोन्ही वेळा आम्ही खताची मात्रा बदलली होती.

रानजाई
मी मावळातल्या एका पॅकहाऊसमध्ये प्रतवारीच्या टेबलावर अकरा वर्षे काम केले आणि आता तिथेच देखरेख करते. या चर्चेत अजून कोणी या टेबलाविषयी बोलले नाही म्हणून लिहिते.

जानेवारीच्या शेवटी आम्ही पहाटे पाचला येतो. माल बादल्यांतून आधी थंड खोलीत जातो आणि तिथून टेबलावर येतो. टेबलाच्या कडेला ४०, ५०, ६० सेंटिमीटरच्या खुणा असतात. दांडा खुणेला लावायचा, कळीची जाळीची टोपी किंचित वर करून बाहेरच्या दोन पाकळ्या पाहायच्या, फुलकिड्यांचा चट्टा आहे का ते बघायचे, पानामागे भुरी रोग आहे का ते बघायचे, खालची पाने आणि काटे काढायचे. हे सगळे चार-पाच सेकंदांत होते. वीस दांड्यांचा बंच. कळ्या एका रेषेत आल्या नाहीत तर सोडून पुन्हा बांधायचा. ताजमहाल जातीच्या गुलाबाचा काटा मोठा असतो, हातमोज्यातून आत घुसतो. दुसऱ्या आठवड्यात अंगठ्याच्या पेराला भेगा पडतात आणि थंड पाण्याने त्या चुरचुरतात. रात्री घरी भाकरी थापताना पीठ त्यात भरते.

माझे म्हणणे असे आहे की प्रतवारी शिकायला एका बाईला दोन हंगाम लागतात. आम्ही फेब्रुवारीनंतर निम्म्या बायकांना घरी पाठवतो, आणि पुढच्या जानेवारीत त्यांच्यातल्या बऱ्याच जणी औद्योगिक वसाहतीत लागलेल्या असतात. मग पुन्हा नव्या मुली, पुन्हा कच्चे हात आणि पुन्हा तक्रारी. निर्यात पाच महिने चालली तर शिकलेले हात टिकतील. फवारणीनंतर पॉलिहाऊसमध्ये किती तासांनी जायचे, हा नियमही कायमच्या बाईला पाठ असतो. पंधरा दिवसांसाठी आलेल्या मुलीला तो कोण सांगत बसतो? हे मला मनापासून खुपते.

ओढ्याकाठी
रानजाईताईंच्या शेवटच्या वाक्यावरून बोलावेसे वाटले. मी पर्यावरणाचे काम करतो आणि माझा मूळ आक्षेप आहे तो या पिकाच्या निर्यातीलाच. पाणी आपले, औषधे आपल्या जमिनीत, आणि फूल विमानाने सात हजार किलोमीटरवर. नैवाशा सरोवराला १९९५ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला होता, तरीही त्याच्या पाण्यावरून तिथे किती वाद झाले! पवनेच्या खोऱ्यात आपण तीच वाट धरावी का?

नैवाशातून
आक्षेप रास्त आहे. २०१० मध्ये सरोवरात मासे मरून तरंगले, तेव्हा सगळे बोट आमच्याकडेच दाखवत होते. त्यानंतर पाणीवापरकर्त्यांच्या संघटनेने उपशावर लक्ष ठेवायला सुरुवात केली, आणि बऱ्याच फार्मांनी निचऱ्याचे पाणी पाणवनस्पतींच्या तळ्यांतून गाळून पुन्हा वापरायला घेतले. हे सगळे आपणहून झाले नाही. युरोपातल्या ग्राहकाने प्रमाणपत्र मागितले म्हणून बरेचसे झाले.

हिरवळ_९४
@ओढ्याकाठी, पॉलिहाऊसमधला गुलाब ठिबकवर असतो आणि छपरावर पडलेले पावसाचे पाणी शेततळ्यात साठवता येते. मावळात पाऊस भरपूर आहे. वीस गुंठ्यांचे छप्पर म्हणजे दोन हजार चौरस मीटर; त्यावर नुसते हजार मिलिमीटर पाणी पडले तरी वीस लाख लिटर होते. हे तळे प्रत्येक पॉलिहाऊसला सक्तीचे करावे असे माझे मत आहे. औषधांबाबत मात्र तुमचे बरोबर आहे. फूल खाल्ले जात नाही म्हणून त्यावर काहीही मारले जाते, आणि त्याचा पहिला त्रास रानजाईंच्या टेबलावरच्या बायकांना होतो.

बीजांकुर
जातींचा विषय राहून गेला. टॉप सीक्रेट असो की अॅव्हलांच, या सगळ्या जाती युरोपातल्या पैदासकारांच्या आहेत आणि रोपामागे स्वामित्वशुल्क द्यावे लागते. आपल्याकडे २००१ चा वाणसंरक्षण कायदा आहे, तरी विनापरवाना कलमे सर्रास बांधली जातात. देशी बाजारात त्यावाचून काही अडत नाही, पण युरोपात त्या जातीचे हक्क नोंदलेले असतात आणि परवाना नसलेला माल तिथे अडवला जाऊ शकतो. शिवाय नवा रंग बाजारात आला की पैदासकार तो आधी केनियाला किंवा इक्वेडोरला देतो, कारण तिथे शुल्काची खात्री असते. पुण्यात फूलसंशोधनाचे राष्ट्रीय संचालनालय आहे. मावळच्या पावसाळ्यात केवडा न येणारा स्वतःचा गुलाब आपण काढला, तर नैवाशातून यांनी सांगितलेली निसर्गाची अडचण निदान अर्धी तरी कमी होईल. त्याला पंधरा वर्षे लागतील, म्हणून ते आज सुरू व्हायला हवे.

सिडनीवासी
ऑस्ट्रेलियाविषयी थोडेसे. इथे रोपे तयार होऊ नयेत म्हणून गुलाबाचे दांडे निर्यातीआधी तणनाशकाच्या द्रावणात बुडवून निर्जीव करावे लागतात. त्याने फुलाचे आयुष्य कमी होते. इथल्या दुकानात भारतीय गुलाब दिसला की मी घेते, पण तो तीन-चार दिवसांवर टिकत नाही. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही, हे मला आज कळले.

दादरचा_बाजार
मी वर ‘निर्यात हवीच कशाला’ असे विचारले होते. सगळे प्रतिसाद वाचून माझे मत थोडे बदलले आहे, पण एक गोष्ट सर्वांनी लक्षात घ्यावी. गेल्या काही वर्षांत सजावटीचा मोठा भाग प्लॅस्टिकच्या फुलांनी खाल्ला आहे. मंडपवाला एकदा विकत घेतो आणि धुऊन पन्नास लग्नांना वापरतो. बंदीची मागणी विधिमंडळातही झाली आहे. देशी बाजार असाच आकसत गेला, तर निर्यातीचा पर्याय ऐच्छिक राहणार नाही.

हिरवळ_९४
एक आकडा नोंदवून ठेवतो. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या माहितीप्रमाणे २०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे १९,६७८ टन फुले व तत्सम उत्पादने गेली, आणि त्यांचे मूल्य सुमारे ७१८ कोटी रुपये होते. वाचायला हे मोठे वाटते, पण त्यात सुकवलेली फुले, पाने आणि सजावटीच्या काड्या यांचा वाटा फार मोठा आहे. ‘फुलांची निर्यात वाढली’ असे कोणी म्हटले की ताजी किती आणि सुकी किती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकट्या केनियाची निर्यात आपल्या या एकूण आकड्याच्या अनेक पटींनी मोठी आहे, आणि ती जवळजवळ सगळी ताज्या फुलांची आहे.

पवनाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. मी काल आमच्या भागातल्या सहा जणांना घरी बोलावले आणि हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सहा जणांचे मिळून दीडशे गुंठे होतात. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळात आमच्यातल्या चौघांच्या पॉलिहाऊसचे प्लॅस्टिकचे कागद फाटले होते आणि दोघांचे सांगाडे आडवे झाले होते. विम्याची रक्कम आली तेव्हा तिच्यात नुसते पाइपही आले नसते. तेव्हाही आम्ही एकमेकांची पॉलिहाऊस उभी केली होती, त्यामुळे एकत्र येणे आम्हाला नवे नाही. पण खोके एक करण्याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

युरोप सध्या आमच्या आवाक्यात नाही, हे आम्सटेलवेनकर आणि नैवाशातून यांच्या लिहिण्यावरून स्पष्ट झाले. आखातात विमान तीन तासांत पोहोचते. म्हणून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत दर आठवड्याला एकदाच, ठरलेल्या वारी, सहा जणांचा मिळून थोडाच माल एका नावाने तिकडे पाठवून पाहायचा, असे ठरले आहे. फेब्रुवारीतही तेवढाच माल पाठवायचा, जास्त नाही, यावर दोघांचा अजून आक्षेप आहे. त्यांचे म्हणणे असे की कमाईचा एकच पंधरवडा आहे आणि तोच आपण सोडतो आहोत. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला अजून सुचलेले नाही. रानजाईताई, पाच महिन्यांसाठी चार शिकलेल्या बायका मिळतील का, हे कृपया कळवावे. आणि मालवाहतूकदार, ते तापमान नोंदवणारे यंत्र आम्हाला पहिल्या खेपेपासून हवे आहे.

रानजाई
चौघी मिळतील. त्यातल्या दोघी माझ्याच हाताखाली शिकलेल्या आहेत. मजुरी महिन्यावर ठरवा, बंचावर नको, कारण बंचावर ठरली की घाईत कळीची टोपी वर करून पाहणे राहून जाते.

मालवाहतूकदार
यंत्रे माझ्याकडे आहेत, दोन देतो. एक खोक्याच्या तोंडाशी आणि एक मधल्या थरात कळ्यांजवळ ठेवा, कारण तोंडाशी ४ अंश दिसले तरी आत १० अंश असू शकतात. खोके बंद करण्याआधी माल निदान सहा तास थंड खोलीत राहिला पाहिजे. आणि तुमच्या त्या दोघांना सांगा की फेब्रुवारीच्या गर्दीत जागा मिळवताना विमान कंपनीचा माणूस आधी विचारतो ते एकच: नोव्हेंबरात तुमचा माल येत होता का?